सतराव्या मिनिटाचा प्रश्न

वेल्डरने बायकोची बरगडी मोडली ती झोपेत. गाढ झोपेत त्याने तिच्या कुशीत असा गुद्दा हाणला की ती किंचाळून पलंगाखाली पडली, आणि त्या किंचाळीने जागा होऊन "काय झालं? कोणी मारलं तुला?" असं तोच विचारायला लागला. याआधी दोनदा तिचा ओठ फुटला होता, एकदा दात हलला होता. दार लागलं, नळ लागला असं सांगून तिने वेळ मारून नेली होती. पण नळाने बरगडी मोडत नाही. दवाखान्यातल्या नर्सने तिला बाजूला घेतलं आणि नवऱ्याकडे असं बघितलं की एवढा धिप्पाड माणूस, पण त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "जागेपणी मी तिच्यावर कधी बोटही उगारलेलं नाही हो," असं तो नर्सला, डॉक्टरला, घरी सोडणाऱ्या टॅक्सीवाल्यालाही सांगत सुटला. ते खरंच होतं, पण त्याचा बायकोला काडीचा उपयोग नव्हता.

मग ती आतल्या खोलीत कडी लावून झोपायला लागली. तो बाहेर. सकाळी त्याच्या मुठींची सालं निघालेली असायची आणि भिंतीवर रक्त. झोपेच्या डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून तपासलं, मेंदू ठणठणीत आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तो दिवसा पेंगायला लागला, आणि वेल्डरने पेंगून कसं चालेल? शेवटी बायकोने कुठूनतरी एका बाईंचा पत्ता काढला.

बाई संमोहनाने उपचार करत. गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणाऱ्या एका गॅरेजच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खाली दिवसभर हातोडे पडायचे आणि वर बाई लोकांना "शांत व्हा" म्हणायच्या. गॅरेजवाले त्यांना झोपबाई म्हणत. त्याचा बाईंना भारी राग. दातांच्या दवाखान्यात त्या वीस वर्षं होत्या, सुई बघून हातपाय गाळणाऱ्यांना नुसत्या बोलण्याने गार करायच्या. मग रीतसर शिकून, परीक्षा देऊन त्यांनी हे सुरू केलं होतं. पन्नाशीच्या, बारीक, चष्मा नाकावर ओघळलेला. आवाज मात्र असा की ऐकणाऱ्याचे खांदे आपोआप खाली यावेत.

"तुम्ही ते घड्याळ हलवता का डोळ्यांपुढे?" बायकोने पहिल्या दिवशी विचारलं.

"घड्याळ भिंतीवर आहे, ते वेळ बघायला," बाई म्हणाल्या. "हे बघा, ही झोप नाही. यांना माझं सगळं ऐकू येईल, खालचे हातोडेसुद्धा. नको वाटलं तर डोळे उघडून घरी जायचं. मी कुणाचा कोंबडा करत नाही."

"मग करता काय?"

"सिनेमात रंगलं की शेजारचा उठून गेलेला कळत नाही ना? तसं लक्ष एका जागी आणायचं, आणि ते आत वळवायचं. जागेपणी हट्टाने घट्ट बसलेलं काही असतं, भीती, सवय, दुखणं, ते तेवढ्या वेळात जरा सैल होतं. गुण येईलच असं मी लिहून देत नाही."

"गुण यायलाच पाहिजे," बायको म्हणाली. तिला बरगडीमुळे सरळ बसवत नव्हतं. "नाहीतर एक दिवस हे झोपेत माझा जीव घेतील, आणि उठून रडत बसतील."

वेल्डर मान खाली घालून ऐकत होता. बाईंनी त्याला घरचं विचारलं. आई तो चार वर्षांचा असताना गेली. बाप प्यायचा, तोही पुढे गेला. वाढवलं मोठ्या भावाने. "दादाच माझा बाप आहे हो," तो म्हणाला. दादा सुतार होता, इथून दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान होतं. वहिनी नाही, मुलं नाहीत. धाकट्याला वाढवण्यात लग्नाचं वय निघून गेलं आणि त्याबद्दल दादाने कधी तोंड उघडलं नाही.

बाईंनी वहीत दोनच शब्द लिहिले: 'लहानपणी मार'. अजून त्याने तसं काही सांगितलंच नव्हतं. पण बाईंना आपल्या अंदाजाचा फार गर्व. एवढा माणूस झोपेत मुठी आवळतो म्हणजे कुणीतरी याला झोडपलेलं असणार, हा निकाल त्यांनी चहा निवायच्या आत लावून टाकला होता.

पहिल्या दोन भेटी चांगल्या गेल्या. आरामखुर्चीत टेकून तो समोरच्या भिंतीत टोचलेल्या टाचणीकडे बघायचा. बाई श्वास मोजायला लावायच्या, पापण्या जड होतायत म्हणायच्या, मग दहापासून एकपर्यंत उलटे आकडे, एकेका आकड्याला एकेक पायरी खाली. खाली पोचल्यावर त्याने स्वतः निवडलेली एक जागा. त्याने नदीकाठचा एक सपाट दगड निवडला होता. तिथे बसून हात ढिले सोडायचे, मुठी उघडायच्या, आणि झोपेतही मुठी अशाच उघड्या राहतील असं बाईंचं सांगणं ऐकायचं. मग एक ते पाच मोजून वर यायचं, पाणी प्यायचं, आणि दहा मिनिटं बसल्याशिवाय जिना उतरायचा नाही. प्रत्येक भेट बाई फोनवर ध्वनिमुद्रित करत आणि त्याच दिवशी ऐकत. त्यांना शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सरांचा तसा दंडक होता. सर म्हणायचे, "पेशंटच्या मनात दिवा घेऊन जायचं, सामान घेऊन नाही. त्याने जे दाखवलं तेवढंच बघायचं. आपल्याकडचं काही आत ठेवून आलात तर तो ते आयुष्यभर आपलंच समजतो."

तिसऱ्या भेटीच्या दिवशी सकाळीच बायकोचा फोन आला. आदल्या रात्री तो झोपेतच उठला आणि आतल्या खोलीचं दार मुठींनी फोडायला लागला. मधली फळी उभी चिरली. चिरेतून त्याचा रक्ताळलेला हात आत आला आणि हवेतच मारत राहिला. कपाट दाराला लावून ती रात्रभर त्याच्या आड बसली होती.

"काल फळी, आज मी," ती म्हणाली. "बाई, काहीतरी करा, नाहीतर मी माहेरी निघाले."

बाईंनी खरं म्हणजे अजून चार भेटी थांबायला हवं होतं. पण बायकोचा आवाज कानात बसला होता आणि वहीतले दोन शब्द डोक्यात. त्या दिवशी त्यांनी त्याला नदीकाठी नेलंच नाही.

"छातीत जे दाटतंय, ते धरून मागे जा," त्या म्हणाल्या. अशा वेळी त्या पेशंटला अरेतुरे करत. "पहिल्यांदा कधी असं दाटलं होतं, तिथे जा."

मग त्याचा जबडा आवळला. दातांवर दात इतके घासले की बाईंच्या दाढा शिवशिवल्या. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या आणि खुर्चीचे हात त्याच्या मुठीत करकरायला लागले.

"कुठे आहेस?"

"आत." आवाज लहान मुलाचा, नाकातला.

"काय आहे तिथे?"

"अंधार. कपडे आहेत. तोंडाला लागतायत."

"आणखी?"

"पट्टा. सट्. सट्." प्रत्येक सट् बरोबर त्याचं सगळं अंग खुर्चीतून उडत होतं. खालच्या ओठातून रक्त आलं.

"कोण मारतंय तुला?"

मिटल्या पापण्यांखाली त्याची बुबुळं इकडून तिकडे फिरली.

"बघ नीट. घाबरू नकोस, मी आहे. चेहरा बघ. कोण आहे?"

"दादा."

आणि मग तो फुटला. डावा हात असा फिरला की शेजारच्या स्टुलावरचा काचेचा जग भिंतीवर जाऊन आदळला आणि एक तुकडा बाईंच्या गालाला कापून गेला. उजव्या हाताने त्याने खुर्चीचा हात खिळ्यांसकट उपटला. "दादा नको! नको!" तो ओरडत होता, आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज मुलाचा राहिला नाही, मोठ्या माणसाचा झाला, आणि त्यातलं 'नको' निघून गेलं. खालचे हातोडे थांबले. बाईंनी गालावर रुमाल दाबून कसेबसे एक ते पाच आकडे मोजले. तो डोळे उघडून छताकडे बघत राहिला.

"म्हणजे दादा," तो म्हणाला.

"मन खोटं बोलत नाही," बाई म्हणाल्या.

उचलली जीभ लावली टाळ्याला! वीस वर्षं लोकांना तोंड उघडायला सांगणाऱ्या बाईंनी त्या दिवशी आपलं मिटलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण आतून त्यांना उकळ्या फुटत होत्या. आपला अंदाज बरोबर आला, गाठ सापडली, आता हा सुटला! काचा गोळा करायच्या नादात दहा मिनिटं बसायचा नियमही त्यांनी सोडून दिला. तो उठला, "बरं वाटतंय," म्हणाला आणि जिना उतरून गेला. उपटलेला खुर्चीचा हात त्याने नीट टेबलावर ठेवला होता.

गालाला पट्टी लावून, चहा घेऊन बाई ऐकायला बसल्या. कानात इयरफोन, हातात पेन. सतराव्या मिनिटाला पट्ट्याचं सट् सट् आलं, आणि त्यामागोमाग त्यांचा स्वतःचा तो लोण्यासारखा मऊ आवाज आला. *कोण मारतंय तुला?*

बाईंनी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. अंधार म्हणाला होता तो, कपडे म्हणाला होता. पट्टा म्हणाला होता. मला मारतायत असं तो म्हणालाच नव्हता. पट्ट्याचा आवाज आला, एवढंच त्याने आणलं होतं. मारणारा, मार खाणारा आणि चेहरा, हे सगळं सामान बाई घेऊन गेल्या होत्या आणि आत मांडून आल्या होत्या. त्यांनी लगेच वेल्डरला फोन लावला.

तो वाजत राहिला, त्याने उचलला नाही. मग बायकोला लावला, तिने तो उचलला धापा टाकतच. "बाई, काय केलंत तुम्ही त्यांना? आले, पिशवीतून हातोडा काढला आणि गेले. दादांनी मला कपाटात घालून मारलं, म्हणाले. मी त्यांच्या दुकानाकडेच निघालेय."

तो हातोडा म्हणजे वेल्डिंगच्या सांध्यावरची कीट उडवायचा, एका बाजूला टोकदार. बाई पट्टी लावलेल्या गालाने, चपला न घालता जिना उतरल्या. गॅरेजवाल्यांपैकी कोणीतरी हसलं. भर दुपारच्या रस्त्यावरून एक पन्नाशीची बाई अनवाणी पळतेय हे बघून लोक बाजूला होत होते.

दुकानाच्या दारातच भुशावर रक्त होतं. आत बायको भिंतीला टेकून बसली होती, ओठ फुटलेला, कुशीवर हात. तिने नवऱ्याचा दंड धरला होता आणि त्याने तिला झटकून कपाटांच्या फळ्यांवर फेकलं होतं. आजवर झोपेत मारायचा, आज जागेपणी मारलं होतं.

दादा टेबलाच्या पायाशी पडला होता. साठीचा, हडकुळा माणूस. त्याचा डावा हात कोपराच्या खाली नको तिथे वळला होता आणि कान अर्धा लोंबत होता. वेल्डर त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता. दादा हात वर करत नव्हता, ओरडतही नव्हता, फक्त "धाकट्या, अरे धाकट्या," म्हणत होता. त्याने तोंड उघडलं की वेल्डर मुठीने ते बंद करत होता. दोन दात भुशात पडले होते. हातोडा दुसऱ्या हातात होता आणि टोक खाली होतं.

"थांबा!" बाई ओरडल्या.

"बाजूला व्हा, बाई. तुम्हीच दाखवलंत मला."

बाईंनी आपला तो आवाज काढला. श्वास सोडा, खांदे सैल सोडा. सिनेमात चुटकी वाजवली की माणूस पुतळा होतो. इथे तो आवाज भिंतीवर डोकं आपटून परत आला. हातोडा वर गेला. बाईंनी मग तो नादच सोडला, सरळ जाऊन दादाच्या डोक्यावर आपलं डोकं ठेवलं, आणि फोनवरचं ध्वनिमुद्रण चालू करून वेल्डरच्या कानाशी धरला.

दुकानात त्याचाच लहान मुलाचा आवाज आला. अंधार. कपडे. पट्टा. मग बाईंचा प्रश्न.

"ऐकलंत?" बाई रडत होत्या. "तुम्हाला कुणी मारलं असं तुम्ही म्हणाला नव्हता. मी म्हणाले. मी विचारलं म्हणून तुम्ही शोधलंत, आणि शोधलं की मन काहीतरी आणून देतं. चूक माझी आहे. मारायचं तर मला मारा."

"पण चेहरा दादाचा होता," तो म्हणाला. "मी पाहिला. आत्ताही दिसतोय."

"असेल," खालून दादा बोलला. तोंडातल्या रक्ताने त्याला बोलता येत नव्हतं. "शेवटचा मीच दिसलो असणार तुला. कपाटाचं दार मीच लावायचो. बाबा पिऊन आले की तुला आत घालायचो आणि पाठ दाराला लावून उभा राहायचो."

"आणि पट्टा?"

"तो बाबांच्या हातात असायचा."

"मग मार कोणाला पडायचा?"

कपाटात कोंडलेलं पोर आतून आवाज ऐकत होतं आणि बाहेर पंधरा वर्षांचा भाऊ दाराला पाठ लावून मार खात होता. इतकी वर्षं त्याने हे सांगितलं नव्हतं. पोराला आठवत नाही तर कशाला आठवून द्यायचं, एवढाच त्याचा हिशोब. आणि आज चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, तीही ज्याच्यासाठी त्याने पाठ दिली त्याच्याच हातून.

वेल्डरच्या हातातून हातोडा गळला. तो छातीवरून उतरला आणि भुशात गुडघे टेकून असा काही ओरडला की दारात जमलेले लोक मागे सरकले. मग स्वतःच्याच तोंडात मारायला लागला, दोन्ही हातांनी, सटासट. बायको सरपटत आली आणि तिने ते हात धरले. या खेपेला त्याने झटकले नाहीत.

कोणीतरी दवाखान्याची गाडी बोलावली. दादाच्या कानाला बायकोने ओढणी बांधली. वेल्डर बाईंकडे वळला. त्याच्या डोळ्यांत राग उरला नव्हता, आणि तेच बाईंना बघवेना.

"तुम्ही घातलंत ना ते?" तो म्हणाला. "मग आता काढा. इथेच काढा. मी डोळे मिटतो. दहापासून मोजा."

त्याने खरंच डोळे मिटले.

"नाही निघत," बाई म्हणाल्या.

"का नाही? घालता येतं तर काढता येत नाही?"

"खोटं आहे हे तुम्हाला कळेल. रोज कळेल. पण दिसायचं थांबेल असं मी सांगू शकत नाही. आता मी तुम्हाला काहीच सांगू शकत नाही."

दादाने हे सगळं ऐकलं. तो कसाबसा उठून टेबलाला टेकला, मोडका हात मांडीवर ठेवला. "जाऊ दे रे," तो म्हणाला. "कळलं ना तुला? झालं तर मग. इकडे ये." आणि धाकट्याच्या डोक्यावरून फिरवायला त्याने आपला उरलेला उजवा हात उचलला.

तो हात वर गेला मात्र, वेल्डर मागच्या मागे कोसळला. दोन्ही हातांनी डोकं झाकून, गुडघे पोटाशी घेऊन तो फळ्यांच्या कोपऱ्यात घुसला आणि सहा वर्षांच्या पोराच्या आवाजात म्हणाला, "दादा नको. मारू नको."

सगळं ठाऊक असूनही म्हणाला. दादाचा हात तसाच हवेत राहिला. मग त्याने तो सावकाश खाली घेतला, धाकट्याला दिसेल असा भुशावर उघडा ठेवला, आणि गाडी येईपर्यंत जागचा हलला नाही.